ग्रॅमसाहेबांचा पिवळा

ग्रॅमसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी बाजारातल्या दुकानदारांनी एकमेकांना चहा पाजला, असं म्हणतात. खरंखोटं कुणी तोलून पाहिलेलं नाही. वजनमापे तपासणीस म्हणून त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या तराजूंवर संशय घेण्यात घालवली होती. एका ग्रॅमचा फरक निघाला तरी ते असा चेहरा करत, की समोरच्या दुकानदाराला वाटे, आपण कुणाचा तरी खून केलाय आणि नेमका कुणाचा ते विसरलोय. नाव त्यावरूनच पडलं. बायकोही रागात असली की "आमचे ग्रॅमसाहेब" म्हणे, आणि रागात नसली की नुसतं "अहो" म्हणे.

निवृत्तीनंतर तपासायला घरात फारसं काही उरलं नव्हतं. दुधाचं माप धरून झालं. स्वयंपाकघरातला काटा धरून झाला. चहाच्या डब्यावर छापलेलं वजन आणि आतला चहा यांची गाठ घालून देण्यात एक सकाळ गेली, तेव्हा बायकोने हात जोडले. "अहो, काय वाटेल ते करा, पण माझ्या डब्यांपासून लांब राहून करा."

म्हणून त्यांनी प्रिंटर घेतला.

प्रिंटर बरा होता, पण त्याची शाई कंपनी अत्तराच्या भावाने विकायची. तेव्हा ग्रॅमसाहेब कोपऱ्यावरच्या शाईवाल्याकडून दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या शाईच्या बाटल्या आणू लागले. शाईवाल्याने हमी दिली होती. "साहेब, कंपनीची शाई आणि ही शाई म्हणजे जुळ्या बहिणी समजा. आई वेगळी, एवढंच." आयुष्यभर व्यापाऱ्यांच्या बोलण्यातली खोट काढणाऱ्या माणसाने या वाक्यावर मान डोलावली. बाटलीतली शाई लेबलाइतकीच भरते की नाही, ते मात्र त्यांनी मोजून पाहिलं. भरत होती. त्यांचं समाधान झालं.

मुलगी त्या दिवसांत त्यांच्याकडेच राहत होती. जावई जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने पाण्यावर. आणि तिला आठवा महिना. मागच्या तपासणीत रक्तदाब जरासा वर दिसला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक गोल बाटली दिली होती. आत कागदी पट्ट्या. रोज सकाळी लघवीत एक पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि बाटलीच्या लेबलावरच्या रंगीत चौकोनांशी ताडून पाहायची. पहिला चौकोन पिवळा. पट्टी पिवळी राहिली तर सगळं ठीक. पुढचे चौकोन क्रमाने हिरवे होत गेलेले. पट्टी हिरवी झाली तर लघवीवाटे प्रथिनं जायला लागली, म्हणजे आईलाही धोका आणि बाळालाही.

"हिरवं दिसलं की फोन करायचा," बाई म्हणाल्या होत्या. "उद्या बघू, परवा बघू, असलं काही नको."

लेबलावरचे चौकोन नखाएवढे होते. बायकोला चष्मा लावूनही ते नीट दिसत नव्हते, आणि मुलगी म्हणाली, "आई, मला तर सगळेच सारखे वाटतात." ग्रॅमसाहेबांनी हे ऐकलं मात्र, त्यांच्या अंगात उत्साह संचारला. चौकोन मोठे छापून न्हाणीघरात लावायचे! अडचण एवढीच, की बाटली गोल आणि स्कॅनर सपाट. त्यांनी बाटली कोमट पाण्यात ठेवली, लेबल भिजू दिलं, ब्लेडने कडेकडेने सोडवलं आणि अखंड काढलं. अशी सफाई एरवी शस्त्रक्रियेतच बघायला मिळते. लेबल स्कॅन केलं, आणि मग टेबलावर वाळत ठेवलं. बायकोने टेबल पुसताना ते टेबलाबरोबर पुसून टाकलं.

"गेलं तर गेलं," ग्रॅमसाहेब म्हणाले. "आपल्याकडे त्याहून मोठं आहे."

मोठं खरंच देखणं झालं. चकचकीत कागदावर तळहाताएवढे चौकोन, वरून लॅमिनेशन. आणि उजव्या कोपऱ्यात, हाताच्या सवयीने, त्यांनी लिहिलं : तपासले. खाली सही. नोकरीत प्रत्येक वजनाच्या कागदावर ते हेच लिहीत. या वेळी त्यांनी ते कशाशी ताडून लिहिलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायचं काम त्यांचंच असे, आणि ते लिहिण्यात गुंतले होते.

तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराआडून आवाज यायचा, "पहिला चौकोन!" मग ग्रॅमसाहेब वर्तमानपत्राचं पान उलटत आणि बायको गॅस पेटवी. पहिला चौकोन ऐकल्याशिवाय त्या घरात चहा होत नसे.

त्या दिवशीही मुलगी "पहिला!" म्हणाली. आवाज जरा ओढलेला होता. "डोकं जड आहे," ती बाहेर येऊन म्हणाली. "झोप झाली नाही नीट."

"झोप कशी होणार, दोघं आहात तिथे," बायको म्हणाली. "पड जरा."

बायकोने बाळासाठी विणायला घेतलेला स्वेटर त्याच सकाळी पुरा झाला होता. लोकर मुलीने निवडलेली, स्वच्छ पिवळी. बाळाच्या अल्बमच्या पहिल्या पानावर या स्वेटरचा फोटो हवा, असं तिने बापाला सांगून ठेवलं होतं. ग्रॅमसाहेबांनी स्वेटर खिडकीजवळ पसरला, फोटो काढला, छापला आणि बायकोच्या हातात दिला.

बायकोने कागद लांब धरला, जवळ धरला. "हा कुणाच्या बाळाचा?"

"कुणाच्या म्हणजे? तूच विणलास ना?"

"मी पिवळा विणला होता. हा पोपटाच्या पिल्लाला घालायचा दिसतोय."

"उजेडाचा फरक असेल."

"अहो, खिडकी एक, उजेड एक." तिने स्वेटर आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा पिवळा. हा हिरवट. तुमचा प्रिंटर पिवळ्याला हिरवं म्हणतो, एवढं मान्य करायला काय होतं?"

ग्रॅमसाहेब हसले. बायकोकडून प्रिंटरचा अपमान ऐकायची त्यांना सवय होती. "बरं बाई, पिवळ्याला हिरवं म्ह—"

वाक्य तिथेच राहिलं. हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. ते पुसायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

ते न्हाणीघरात गेले आणि आतून कडी घातली. दिव्याच्या तांबूस उजेडात पहिला चौकोन पिवळाच दिसत होता. त्यांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणं त्यांनी नोकरीत हजार दुकानदारांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. त्यांनी चार्ट भिंतीवरून ओढून काढला, आपल्या खोलीतल्या खिडकीशी नेला आणि दिवसाच्या उजेडात धरला.

हिरवट. पोपटाचं पिल्लू.

पहिलाच चौकोन हिरवट छापला गेला असेल, तर मुलीची पट्टी हिरवट होऊनही पहिल्या चौकोनाशीच जुळणार. आणि ती दाराआडून सांगणार, पहिला! आणि मग चहा होणार.

कचेरीत मखमलीच्या पेटीत एक प्रमाण वजन असे. त्याला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं. बाकी सगळी वजनं खरी की खोटी ते त्याच्यावरून ठरायचं. घरातलं प्रमाण वजन त्यांनी कोमट पाण्यात भिजवलं होतं, आणि उरलेलं काम फडक्याने केलं होतं.

संगणकावर स्कॅन होता. त्यांनी तो उघडला. पडद्यावर पहिला चौकोन केशरीकडे झुकलेला दिसला. मग आठवलं, डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा तांबूस करून ठेवलाय. ते बंद केलं तर सगळंच निळसर झालं. दिवा एक सांगत होता, पडदा दुसरं, कागद तिसरं. तीन साक्षीदार आणि तिघेही फितूर.

यापुढे शहाण्या माणसाने काय करायचं ते वाचकाला ठाऊक आहे. बाहेरच्या खोलीत जायचं, सांगायचं आणि डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. ग्रॅमसाहेबांनाही ते ठाऊक होतं. पण बाई विचारतील, रंग कोणता? मग काय सांगायचं? आधी माप दुरुस्त करू. खातरी झाल्याशिवाय बोभाटा करायचा नाही, हा खात्याचा नियम. नियम फार उपयोगी असतात. भीती वाटत असताना त्यांच्यामागे सहज लपता येतं.

"बाबा, चार्ट कुठे गेला?" मुलगी दारात उभी होती.

"धुवायला काढलाय."

"चार्ट?"

"लॅमिनेटेड आहे. धुता येतो."

ती हसली, आणि हसताना तिने दाराची चौकट धरली. ग्रॅमसाहेबांचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

"अंगठी कुठाय तुझी?"

"रुतायला लागली, काढून ठेवली. सगळ्यांचीच बोटं सुजतात म्हणे या दिवसांत." ती पुन्हा पडायला गेली.

ग्रॅमसाहेबांनी स्वेटर, फोटो आणि चार्ट पिशवीत कोंबले. पायात चपला घातल्या त्या वेगवेगळ्या जोडांतल्या निघाल्या. ते तसेच चालू लागले.

शाईवाल्याने त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांचा तराजू ग्रॅमसाहेबांनी एकदा जप्त केला होता, आणि त्या घरात ती गोष्ट अजून हळू आवाजात सांगत.

"साहेब, बाटली कमी भरली का? माझी काही चूक नाही, वरूनच तशा येतात."

"पिवळा हिरवा येतोय."

"एवढंच ना!" शाईवाला खाली बसला. "तेवढा येतोच."

"तेवढा म्हणजे किती?"

"साहेब, रंगाला का कुठे किलो असतो?"

"तुम्ही म्हणाला होतात, जुळ्या बहिणी."

"आई वेगळी, हेही म्हणालो होतो. तेव्हाच सगळं सांगून टाकलं मी." त्याने फोटो आणि स्वेटर शेजारी ठेवून पाहिले. "बघा, प्रिंटरला काय माहीत, पोटात कुणाची शाई गेलीय? तो आपला कंपनीच्या सवयीने थेंब टाकतो. कंपनीचा पिवळा असतो अंड्याच्या बलकासारखा. आमचा जरा लिंबाकडचा. त्यात निळ्याचा एक थेंब जास्त पडला की आमचा लगेच हिरवा होतो. नाजूक आहे स्वभावाने."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. लोक सहलीचे फोटो छापतात साहेब. काकू जरा हिरव्या दिसल्या तर लोक म्हणतात, बोट लागली असेल." तो स्वतःच हसला, आणि समोरचं कुणी हसत नाही म्हणून थांबला. "तुम्ही काय छापलंत एवढं?"

ग्रॅमसाहेबांचा हात पिशवीतल्या चार्टवर होता. "स्वेटर."

"मग स्वेटरसाठी एवढं घामाघूम व्हायचं? पाणी देऊ?"

"हे दुरुस्त कसं करायचं?"

"खरं करायचं तर या शाईचे आणि या कागदाचे रंग यंत्राने मोजून प्रिंटरसाठी वेगळी फाइल बनवावी लागते. ते यंत्र माझ्याकडे नाही. पण घरगुती उपाय आहे. ओळखीची एक वस्तू समोर ठेवा, हा स्वेटरच ठेवा. फोटो छापा, खिडकीशी नेऊन जुळवा. मशीनमध्ये निळा थोडा कमी करा, परत छापा. जुळेपर्यंत. कागद सुकू द्या मात्र. ओला रंग खोटं बोलतो. आणि हे सगळं दिवसाउजेडी हं, दिवा लावून नाही."

ग्रॅमसाहेबांनी आकाशाकडे पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं. ते पळत सुटले. या माणसाला पळताना त्या रस्त्याने कधी पाहिलं नव्हतं. भाजीवाल्याने जुन्या सवयीने आपला तराजू फडक्याखाली झाकला.

घरात मुलीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बायको स्वयंपाकघरात. त्यांनी स्वेटर खिडकीत पसरला आणि छापायला सुरुवात केली. निळा कमी केला, अजून हिरवट. आणखी कमी केला, स्वेटर गाजरासारखा आला. लाल कमी केला, तो आजारी माणसासारखा फिकट आला. प्रत्येक कागद सुकायला थांबावं लागे आणि प्रत्येक थांबण्यात लोटलेल्या दाराआडून काही आवाज येतो का, याकडे त्यांचा कान असे. एकदा कण्हल्यासारखं ऐकू आलं. ते उठले, दारापर्यंत गेले. आत ती कूस बदलत होती. ते परत येऊन बसले. परत येऊन बसले, ही गोष्ट त्यांना पुढे बरेच दिवस झोपू देणार नव्हती.

शेवटी एक कागद आला. त्यांनी तो सुकू दिला, लोकरीला टेकवला, आणि लोकर कुठे संपते, कागद कुठे सुरू होतो, ते कळेना. त्याच मापाने त्यांनी चार्ट छापला. नवा चार्ट जुन्याशेजारी ठेवला.

नव्यावर पहिला चौकोन पिवळा होता, स्वेटरसारखा निर्मळ. जुन्या पहिल्या चौकोनाचा रंग त्यांनी नव्या कागदावर शोधला. तो होता. तिसऱ्या जागी बसला होता.

तरी त्यांच्या मनातला तपासणीस म्हणाला, थांबा. हा पिवळा जुळला. हिरव्याचं काय? हिरवाही ताडून पाहायला हवा. ओळखीची हिरवी वस्तू कुठाय घरात? बायको आत आली तेव्हा ते खिडकीतल्या कुंडीतलं एक पान खुडून, ते कॅमेऱ्यासमोर सपाट बसावं म्हणून त्याच्यावर वाटी दाबत होते. खोलीभर गाजरी, राखाडी, पोपटी स्वेटर पसरले होते.

"अहो, हे काय मांडलंय?"

"एवढा हिरवा तपासून होऊ दे."

"कसला हिरवा?"

बायकोने टेबलावरचे दोन चार्ट पाहिले. एक उचलला, मग दुसरा. तिला रंगांतलं काही कळत नाही असा त्यांचा समज होता. पण तिने हयातभर लोकर विकत घेतली होती. तिचा चेहरा उतरत गेला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे?"

"तू पोपट म्हणालीस तेव्हा."

तेव्हा जेवणंही व्हायची होती. आता समोरच्या इमारतीच्या फक्त वरच्या खिडक्यांवर ऊन उरलं होतं. बायको काही ओरडली नाही. "आणि तुम्ही पान दाबत बसलात," एवढंच म्हणाली आणि मुलीच्या खोलीकडे गेली.

मुलगी भिंतीचा आधार घेत आली. "आत्ता कशाला पट्टी? सकाळी पहिला होता ना."

सांगायचं काम बायकोने केलं नाही. ती नवऱ्याकडे पाहत उभी राहिली.

"पहिला नव्हता, बाळ," ग्रॅमसाहेब म्हणाले. "मी छापलेला पहिलाच पहिला नव्हता. रंग चुकलाय. सगळे चुकलेत."

मुलगी हळूच म्हणाली, "मला डोळ्यांपुढे चमकतंय. दोन-तीन दिवस झाले. काजवे उडतात तसं."

"अगं, मग बोलली का नाहीस?" बायकोचा आवाज फाटला.

"वाटलं, चार्ट बरोबर येतोय म्हणजे मी बरोबर आहे. माझीच झोप कमी पडत असेल." तिने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "खाली तुमची सही होती ना, बाबा."

पट्टी बायकोने आणली आणि खिडकीत धरली. तिघं तिच्याकडे पाहत उभे राहिले. आधी पिवळी होती. मग कडेने रंग फिरायला लागला, दुधात काही पडल्यावर फिरतो तसा. स्वेटरशेजारी ती स्वेटरसारखी राहिली नाही. ती पुढे गेली, आणि जातच राहिली.

"मिनिटभर थांबायचं असतं," ग्रॅमसाहेब पुटपुटले.

"तुम्ही थांबा," बायको म्हणाली, आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला. "सही तुमची आहे. बोला."

"रंग कोणता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिरवा."

"किती हिरवा? कितव्या चौकोनासारखा?"

समोर दोन चार्ट होते, एक पान होतं, आणि हातात पट्टी. एका ग्रॅमसाठी माणसांची दुकानं बंद करणारे ग्रॅमसाहेब म्हणाले, "बाई, मला चौकोन विचारू नका. माझे चौकोन खोटे आहेत. हिरवा आहे, तिचे हात सुजलेत आणि डोळ्यांपुढे चमकतंय."

"निघा," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

टॅक्सीत मुलीने डोळे मिटून घेतले होते आणि बायको दर वळणावर तिला हाक मारत होती. हाकेला "हं" आलं की ग्रॅमसाहेब श्वास घेत. एकदा "हं" यायला उशीर झाला. तेवढ्या वेळात त्यांनी सगळ्या गोष्टी कबूल करून टाकल्या, न केलेल्यासुद्धा.

इस्पितळात बाईंनी रक्तदाब पाहिला आणि पुन्हा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्या शेजारच्या परिचारिकेशी फार शांतपणे बोलायला लागल्या. डॉक्टर शांत बोलायला लागले की समजावं, धावपळ सुरू झालीय. सुई लावली गेली. झटके येऊ नयेत म्हणून औषध चढवायला घेतलं. बाळाला आता आत ठेवण्यात अर्थ नाही, बाई म्हणाल्या, आणि मुलीची खाट ढकलत नेली.

बायकोने येताना जुना चार्ट पिशवीत टाकला होता. तिने तो बाईंना दाखवला. बाईंनी आपल्या खिशातली बाटली त्याच्याजवळ धरली, एकदा वर पाहिलं, एकदा खाली. मग त्यांचं बोट उजव्या कोपऱ्यावर थांबलं.

"हे 'तपासले' कुणी लिहिलंय?"

"मी," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"कशाशी ताडून?"

हा प्रश्न त्यांचा होता. दुकानांच्या पायऱ्या चढताना, काट्याखालची धूळ फुंकताना, समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तो त्यांनी असंख्य वेळा विचारला होता. समोरचा माणूस तेव्हा कुठे बघत असेल, हे त्यांना आज कळलं. फरशीकडे.

"कशाशीच नाही," ते म्हणाले.

बाईंनी चार्ट त्यांच्या हातात परत दिला आणि त्या आत गेल्या.

बाकावर बसून त्यांनी तो फाडायचा प्रयत्न केला. लॅमिनेशन उत्तम झालं होतं. फाटेना.

नात झाली. केवढी? परिचारिकेने तिला काट्यावर ठेवलं तेव्हा ग्रॅमसाहेबांची नजर आपोआप काट्याच्या बुडाशी, तपासणीच्या शिक्क्याकडे गेली. शिक्का होता, तारीख होती, सगळं जागच्या जागी होतं. त्यामुळे आकड्यावर विश्वास ठेवणं भाग पडलं, आणि तो आकडा इतका लहान होता, की काटा खोटा निघाला असता तर ते आनंदाने नाचले असते. नात काचेच्या पेटीत गेली. स्वेटरमध्ये तशा दोघी मावल्या असत्या.

मुलीचा रक्तदाब लगेच उतरला नाही. बाई म्हणाल्या, असं होतं, वेळ लागतो, धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही. मग रोज सकाळी परिचारिका बाटली आणि पट्टी घेऊन यायची आणि रोज म्हणायची, "अजून हिरवी आहे." ती गेली की मायलेकी एकमेकींशी बोलत आणि ग्रॅमसाहेब खिडकीबाहेर बघत. जावयाने जहाजावरून फोन केला. फोन तुटत होता. "आता कसं आहे सगळं?" एवढंच नीट ऐकू आलं. ग्रॅमसाहेबांनी फोन बायकोकडे दिला.

काही दिवसांनी एका सकाळी परिचारिकेने पट्टी बाटलीजवळ धरली, मान कलती केली आणि म्हणाली, "पिवळी! छान. पहिला चौकोन."

खोलीत कुणीच श्वास सोडला नाही.

परिचारिकेने तिघांकडे पाहिलं. "अहो, चांगली बातमी आहे ही."

मुलगी खाटेवर उठून बसली होती. चेहऱ्यावरची सूज ओसरली होती, अंगठी अजून बोटात नव्हती. ती बापाकडे बघत होती. ग्रॅमसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "माझ्याकडे बघू नकोस," ते म्हणाले. "त्या सांगतायत ना."

"तुम्ही बघा, बाबा."

"मी नाही."

"बाटलीवरचं बघा. बाटलीवरचं तुम्ही छापलेलं नाहीये."

परिचारिकेने हसत पट्टी आणि बाटली त्यांच्यापुढे धरली. ते दोन्ही घेऊन खिडकीशी गेले. लेबलावरचे चौकोन नखाएवढे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एरवी अशा वेळी मागून हमखास आवाज यायचा, अहो, आता पुरे करा.

बायको त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात स्वेटर होता.

"सावकाश," ती म्हणाली. "नीट बघा."